ताबा, नियंत्रण आणि संयम

(जऊळका येथील धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी गतकाळाचे स्मरण करावे, उपकारकर्त्यांचे आभार मानावे आणि पुढील वाटचालीकरिता देवाचा आशीर्वाद मागावा, अशी रीत आहे. ते कार्य माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी यथायोग्य केलेच आहे. यास्तव मी आज एका साध्या शब्दाचा विचार आपणापुढे मांडणार आहे. शब्दांची चिकित्सा हा पंडितांचा विषय, तिचा येथे काय उपयोग, असे कोणास वाटेल. परंतु माणूस ज्या शब्दाने विचार करतो त्याच शब्दाने तो वागतो. शब्द चुकला की वागणूक चुकते, आणि वागणूक चुकली की घर बिघडते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे.

धर्मगुरूंकडे, शिक्षकांकडे आणि गावातील चार जाणत्यांकडे आईबाप येतात ते बहुधा एकच गाऱ्हाणे घेऊन येतात : “मुलगा आमच्या ताब्यात राहिला नाही.” बायको येते ती सांगते, “त्यांचा हातावर ताबा राहत नाही. प्याले की मारतात.” आणि तोच मारणारा मनुष्य सकाळी शुद्धीवर आला म्हणजे म्हणतो, “घर ताब्यात ठेवायचे तर एवढे करावेच लागते.” पाहा, तिघांच्याही तोंडी शब्द एकच. परंतु बापास जे हवे आहे ते निराळे, बायकोस जे हवे आहे ते निराळे, आणि नवरा जे करतो आहे ते तर अगदीच निराळे. एका शब्दाखाली तीन गोष्टी लपल्या म्हणजे त्यांतील वाईट गोष्ट चांगलीचे नाव घेऊन मिरवते. म्हणून त्या वेगळ्या केल्या पाहिजेत.

आपण शेतकरी माणसे. आरंभ गोठ्यापासूनच करू. बैलासाठी आपल्या घरी किती प्रकारच्या दोऱ्या असतात? दावे असते, त्याने बैल खुंट्याला बांधला जातो. तो सुरक्षित राहतो, पण जागचा हलत नाही. लोढणे असते, ओढाळ जनावराच्या गळ्यात ते लाकूड अडकविले की ते पायांत येते आणि जनावरास पळता येत नाही. मुसके असते, खळ्यावर फिरणाऱ्या बैलाने धान्याला तोंड लावू नये म्हणून ते बांधतात. वेसण असते, ती नाकातून ओवलेली असते. आणि त्या वेसणीला जोडलेला कासरा असतो. तो गाडीवानाच्या हाती असतो.

आता विचार करा. दावे, लोढणे आणि मुसके ही तिन्ही बैलास काही न करू देण्याकरिता आहेत. एकटा कासरा मात्र बैलाने काही करावे याकरिता आहे. बैल चालतच नसेल तर कासऱ्याचा उपयोग शून्य. गाडी चालू आहे, वाट पुढे वळणार आहे, आणि बैलास ते कळावे म्हणून गाडीवान दोरीला हलकासा झोल देतो. कुशल गाडीवानाचा कासरा बहुतेक वेळ सैल असतो. जो सदासर्वकाळ कासरा खेचून धरतो त्याच्या बैलाचे नाक दुखावते आणि गाडीही धड चालत नाही. बांधून ठेवणे एक आणि हाकणे दुसरे, हा आजच्या व्याख्यानातील पहिला भेद होय. पवित्र शास्त्रातही मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये अशी मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा आहे, आणि संत पौलाने तिचा आधार दोनदा घेतला आहे. जो राबतो त्याचे तोंड बांधू नये, असा तिचा भाव.

आता शब्दांच्या घराण्याकडे वळू. ‘ताबा’ हा शब्द आपल्याकडे अरबी भाषेतून फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ मागून चालणारा, अंकित असलेला. ‘कबजा’ हाही तिकडचाच. त्याचा अर्थ मूठ, पकड. ‘अंमल’ म्हणजे कारभार, हुकमत. हे तीनही शब्द दरबारातून आणि कचेरीतून आले आणि त्यांचा मूळ संबंध जमीन, किल्ला, मुलूख यांच्याशी आहे. शेताचा ताबा घेता येतो, घराचा कबजा घेता येतो, मुलखावर अंमल बसविता येतो. माणूस म्हणजे शेत नव्हे. म्हणून ‘मुलगा ताब्यात नाही’ असे म्हणताना आपण नकळत मुलास सातबाराच्या उताऱ्यात लिहून टाकतो.

‘नियंत्रण’, ‘नियमन’ आणि ‘संयम’ या शब्दांचे गोत्र वेगळे. ही सर्व संस्कृतातील ‘यम्’ या धातूची लेकरे. त्या धातूचा अर्थ धरणे, आवरून धरणे. रथाचे घोडे आवरून धरणारा तो ‘यंता’, म्हणजे सारथी. आमच्या बोलीत ‘आवरणे’ हे क्रियापद याहूनही गोड आहे. आपण राग आवरतो, अश्रू आवरतो, आणि सायंकाळी घरही आवरतो. घर आवरणारी गृहिणी घरातील वस्तू फेकून देत नाही. जी वस्तू जेथे शोभते तेथे ती ठेवते. मनातील रागलोभ आवरणे म्हणजेही तेच. ते मारून टाकणे नव्हे, तर ज्याचे स्थान जेथे आहे तेथे त्यास बसविणे होय.

इंग्रजी ‘कंट्रोल’ या शब्दाची कथा फार बोधप्रद आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कॉन्ट्रा’ म्हणजे समोरासमोरचा व ‘रोटुलुस’ म्हणजे हिशेबाची गुंडाळी. एक कारकून जमाखर्चाची गुंडाळी लिही. दुसरा तिची स्वतंत्र प्रत ठेवी. आणि वेळ येताच दोन्ही समोरासमोर ठेवून ताडून पाहत. ती दुसरी गुंडाळी म्हणजे ‘कंट्रोल’. तेव्हा या शब्दाचा मूळ अर्थ सत्ता गाजविणे असा नसून ताळा पाहणे असा आहे. फ्रान्सात आजही तिकिटांच्या तपासणीला हाच शब्द लावतात. आपल्या संविधानाच्या १४८ व्या अनुच्छेदात ज्या अधिकाऱ्याची योजना आहे त्याचे नाव ‘नियंत्रक व महालेखापरीक्षक’ असे आहे. तो देशावर राज्य करीत नाही, देशाचा हिशेब तपासतो.

ही कल्पना आपणांस परकी होती असे कोणी समजू नये. पेशवाईत सुभ्यावर व परगण्यावर मामलेदार असे. वसूल त्याच्या हाती, शिपाई त्याच्या हाती, न्यायही बऱ्याच अंशी त्याच्याच हाती. मग त्याला आवर कोणाचा? त्याकरिता त्याच्या कचेरीत दरकदार नेमलेले असत : दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस इत्यादी. ते मामलेदाराच्या हाताखाली काम करीत, परंतु त्यांस काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसे. त्याच्या कागदांवर त्यांची लेखणी फिरल्याविना कारभार पुरा होत नसे, आणि गैरव्यवहार दिसल्यास त्यांनी तो पुण्यास कळवावा अशी अपेक्षा असे. गावपातळीवरही हाच न्याय : पाटलाकडे अधिकार, तर कुलकर्ण्याकडे, म्हणजे आपल्या वऱ्हाडातील पांड्याकडे, दप्तर. ती व्यवस्था निर्दोष होती असे माझे म्हणणे नाही. दप्तर सांभाळणाऱ्यांनीही रयतेस कमी नाडले नाही. परंतु तिच्यातील तत्त्व खरे होते : ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच हाती तिची तपासणी असू नये.

येथे दुसरा भेद उभा राहतो. सत्ता निराळी आणि नियंत्रण निराळे. सत्ता म्हणते, “मी सांगेन तसे होईल.” नियंत्रण म्हणते, “जे ठरले तसे होत आहे काय ते पाहू, आणि चुकले असेल तेथे सुधारू.” म्हणजे खऱ्या नियंत्रणास तीन गोष्टी लागतात : आधी ठरलेला नियम, चाललेल्या गोष्टीचे खरे ज्ञान, आणि दुरुस्तीचे साधन. नियम नसेल तर ती लहर झाली. ज्ञान नसेल तर तो आंधळेपणा. साधन नसेल तर नुसती कुरकुर. ज्या बापास आपला मुलगा कोणाबरोबर असतो, कशाने दुखावला आहे, शाळेत कोठे अडला आहे, हे ठाऊक नाही, तो कितीही ओरडला तरी त्याचे नियंत्रण नाही. त्याचा केवळ आवाज आहे.

नियमनाचे उदाहरण तर आपल्या वाशीम जिल्ह्यातच आहे. हा जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. परंतु त्यातील कारंजा हे गाव फार जुन्या काळापासून कापसाची पेठ म्हणून प्रसिद्ध आहे. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने तेथील कापूस बाजार नियमाखाली आणला गेला. हिंदुस्थानातील पहिला नियमित बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढे १८९७ साली वऱ्हाडाकरिता कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. दलाल व मापारी यांनी परवाना घेऊन काम करावे, ठरलेल्या जागीच बाजार भरावा, असे त्याचे स्वरूप होते. नियमन म्हणजे हे. सरकारने कापूस स्वतःच्या कबज्यात घेतला नाही. विकणारा विकत होता, घेणारा घेत होता. व्यवहार कोणत्या मर्यादेत व्हावा एवढेच नियमाने सांगितले.

मात्र त्याच उदाहरणात एक उणीव आहे, तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तो नियम मुख्यतः विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा या हेतूने झाला असे मानतात, आणि त्या जुन्या कायद्याच्या बाजार समितीत कापूस पिकविणाऱ्या कुणब्यास निश्चित स्थान नव्हते. ज्याच्या घामाचा माल, तो समितीच्या बाहेर. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना समितीत जागा दिली. ज्यांच्याकरिता नियम आहे त्यांस तो करण्यात वाटा नसेल, तर चांगला नियमही त्यांस लोढण्यासारखाच वाटतो. घरातही हेच आहे. ज्या नियमाचे कारण मुलास सांगितले आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले, तो नियम मूल पाठीमागेही पाळते.

१९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तीही वडीलधाऱ्यांस आठवत असेल. कापूस सरकारी यंत्रणेसच विकावा असा तो नियम होता. हेतू शेतकऱ्याच्या रक्षणाचा. परंतु त्याचे स्वरूप नियमनाचे नव्हते, मक्तेचे होते. नियमनात अनेक हात असतात आणि नियम एक असतो. मक्त्यात हातच एक असतो. हा तिसरा भेद.

आणि ‘कंट्रोल’ हा शब्द आपल्या गावांत कोठे राहतो हे तर आपण सर्व जाणताच. आमच्या म्हाताऱ्या बाया आजही म्हणतात, “कंट्रोलचा गहू आला काय?” दुसऱ्या महायुद्धात धान्य मिळेनासे झाले, १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि त्याच वर्षी मुंबईसारख्या शहरांत मापून धान्य देणे सुरू झाले. १९४७ च्या डिसेंबरात हे निर्बंध उठविले गेले, भाव भडकले, १९४८ च्या सप्टेंबरात ते पुन्हा आणावे लागले. तेव्हापासून सरकारी भावाचे दुकान म्हणजे ‘कंट्रोल’ असे नाव लोकांच्या जिभेवर बसले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला.

या नावात एक सुंदर अर्थ दडला आहे. साहेबाच्या दृष्टीने कंट्रोल म्हणजे भावावर व साठ्यावर निर्बंध. गरिबाच्या दृष्टीने कंट्रोल म्हणजे घरात आलेला गहू. बलवान व्यापाऱ्याच्या हाताला आवर पडला म्हणून दुर्बळाच्या ताटात भाकर आली. निर्बंध कोणावर आहे आणि कोणाकरिता आहे, हे विचारल्यावाचून तो चांगला की वाईट हे सांगता येत नाही. जो निर्बंध बलवानाने स्वतःवर घालून घेतला तो धर्म. जो बलवानाने दुर्बळावर स्वतःच्या सोयीकरिता घातला तो जुलूम. मद्यपी नवऱ्याचा ‘ताबा’ कोणत्या बाजूस पडतो हे आता निराळे सांगावयास नको.

आपल्या गावास ‘जऊळका रेल्वे’ असेच म्हणतात. तेव्हा आगगाडीचा दृष्टांत न घेता मी उतरलो तर आपण मजला क्षमा करणार नाही. अकोला-पूर्णा मार्ग पूर्वी मीटरमापी होता, २००८ साली तो रुंदमापी झाला. एकेरी मार्गावर जुन्या काळी टोकन हाती आल्यावाचून चालक गाडी पुढे नेत नसे. गाडीत बळ कितीही असो, पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण मिळेपर्यंत ती उभी. ती खूण देणारा स्टेशनमास्तर गाडीचा मालक नसतो. त्यालाही वरच्या नियंत्रण-कक्षाचा आदेश मानावा लागतो, आणि त्या कक्षातील मनुष्यही नियमपुस्तकास बांधलेला असतो. कोणीही निरंकुश नाही. म्हणूनच अनोळखी माणसांच्या हाती जीव सोपवून आपण डब्यात निश्चिंत झोपतो.

कफर्णहूमच्या शताधिपतीने हेच ओळखले होते. मीही दुसऱ्याच्या अधिकाराखाली असलेला मनुष्य आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत, असे तो प्रभूस म्हणाला. आधी ‘मी अधिकाराखाली आहे’, आणि मग ‘माझ्या हाताखाली आहेत’. हा क्रम लक्षात ठेवा. जो स्वतः कोणास जबाबदार नाही, त्याच्या हाती दुसऱ्यास देऊ नये. त्याच शताधिपतीच्या शब्दांनी आपण प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपली अपात्रता कबूल करतो. ज्याच्या हुकमात शिपाई होते त्या माणसाचे ते शब्द आहेत, आणि तो आपल्या आजारी चाकराकरिता विनवणी करीत होता.

आता सर्वांत आतल्या दालनाकडे येऊ. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल पवित्र आत्म्याची फळे सांगतो, त्यांत शेवटी एक ग्रीक शब्द येतो : ‘एन्क्रातेइया’. त्याचा अर्थ स्वतःवर धरलेले बळ. मराठी पवित्र शास्त्राच्या प्रचलित भाषांतरात तेथे ‘इंद्रियदमन’ असा शब्द आहे. शब्द भारदस्त आहे. तथापि दमन, निग्रह आणि संयम यांत सूक्ष्म अंतर आहे. दमन म्हणजे खाली दाबणे. निग्रह म्हणजे घट्ट पकडून धरणे. संयम म्हणजे नीट, एकत्र आवरून धरणे. संत थॉमस अक्वायनस यांनीही असाच भेद केला आहे. एक मनुष्य असा की ज्याच्या अंतरी वासना उसळते, परंतु तो तिला हार जात नाही, हा निग्रही. दुसरा असा की ज्याची इच्छाच हळूहळू विवेकाच्या वळणावर गेली आहे, हा संयमी. पहिला रोज लढाई जिंकतो. दुसऱ्याच्या मुलखात बव्हंशी शांतता नांदते.

परंतु येथे कोणी निराश होऊ नये. निग्रहाच्या वाटेनेच संयमाचे गाव येते. ज्या बांधवाने दारू सोडण्याचा निश्चय केला आहे त्यास पहिले दिवस लढाईचेच जाणार. त्याने लाजू नये. आणि एकट्याने लढण्याचा अभिमानही धरू नये; धर्मगुरू, डॉक्टर आणि घरची माणसे यांची मदत घ्यावी. फळ हे झाडाला येते, ते बाजारातून आणून फांदीला बांधता येत नाही. पौलाने संयमास आत्म्याचे फळ म्हटले, ते याकरिता की त्याचे मूळ आपल्या हट्टात नसून देवाच्या कृपेत आहे. पापनिवेदनाच्या संस्कारात आपण काय करतो? आपली गुंडाळी देवाच्या गुंडाळीसमोर ठेवतो आणि ताळा पाहतो. ‘कंट्रोल’ या शब्दाचा मूळ अर्थ तेथे पुरेपूर जगला जातो.

संत याकोबाने आपल्या पत्रात जिभेविषयी लिहिताना दोन दृष्टांत दिले : घोड्याच्या तोंडातील लगाम आणि मोठ्या तारवाचे लहानसे सुकाणू. सुकाणू वाऱ्याशी भांडत नाही. वाऱ्याचे बळ वापरून तारू बंदरास नेते. सुकाणू धरणाऱ्यास ग्रीक भाषेत ‘क्युबेर्नेतेस’ म्हणतात. त्याच शब्दापासून लॅटिनच्या द्वारे ‘गव्हर्नर’ हा शब्द निघाला, आणि १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने यंत्रांच्या व प्राण्यांच्या नियंत्रणाच्या शास्त्रास ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले तेही त्याच शब्दावरून. करिंथकरांस लिहिताना संत पौलाने ख्रिस्तसभेतील कृपादानांत याच कुळातील शब्दाने एक दान सांगितले आहे : सुकाणू धरण्याचे, म्हणजे कारभार सांभाळण्याचे. तेव्हा कारभार हाही कृपेचाच प्रांत आहे.

म्हणून आपल्या धर्मग्रामाविषयी एक शब्द. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक मंडळ असावे लागते, आणि भाविकांनी अर्पण केलेल्या द्रव्याचा हिशेब त्यांस दिला जावा असाही नियम आहे. दानपेटी उघडताना दोघे असावेत, जमाखर्च सर्वांस दिसावा. यात कोणाच्या प्रामाणिकपणाचा अविश्वास नाही. उलट, प्रामाणिक माणसाचे नाव निष्कलंक ठेवण्याचा हाच उपाय आहे. जुन्या पिढीने पैपैशाने येथे जे उभारले त्याची खरी राखण अशा समोरासमोरच्या गुंडाळीनेच होईल.

आणि शेवटी त्या बापाविषयी, ज्याचा मुलगा ताब्यात राहिला नाही. माझ्या मित्रा, तुला जे हवे आहे त्यास मराठीत फार चांगला शब्द आहे : ‘वळण’. आपण म्हणतो, मुलीस चांगले वळण आहे; अक्षराचे वळण सुंदर आहे. अक्षरास वळण कसे लागते? गुरुजी आरंभी हात धरून गिरवून घेतात, मग हात सोडतात, आणि चुकले तेथे पुन्हा दाखवितात. जन्मभर हात धरून ठेवला तर अक्षर गुरुजींचे राहील, मुलाचे होणार नाही. ताबा हात धरूनच ठेवतो. वळण हात सोडण्याकरिताच धरते. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलास घरात कोंडले नाही. आणि तो परतला तेव्हा त्यास दारही बंद दिसले नाही. त्याचा ताबा सुटला होता, परंतु मुलाच्या मनात घराची वाट शिल्लक होती. ते वळणाचे फळ.

पोळ्याच्या दिवशी आपण बैलांची जुनी दोरखंडे बदलतो, त्यांस नवी वेसण, नवा कासरा घालतो आणि त्या दिवशी त्यांस कामास जुंपत नाही. महोत्सव हा धर्मग्रामाचा पोळाच समजा. आज प्रत्येकाने आपल्या घरातील दोऱ्या काढून पाहाव्या. कोणाच्या गळ्यात आपण लोढणे अडकविले आहे? राबणाऱ्या कोणाच्या तोंडास मुसके बांधले आहे? आणि जो कासरा प्रथम आपल्याच मनाला लावावयाचा, तो कोठे विसरून आलो आहोत? जे तोडावयाचे ते आजच तोडावे, जे बदलावयाचे ते बदलावे. आपणां सर्वांचा कासरा ज्या उत्तम मेंढपाळाच्या हाती आहे तो ओढून नेत नाही, पुढे चालतो आणि नावाने हाक मारतो. ती हाक ऐकण्याची बुद्धी तो आपणां सर्वांस देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.